हाताळून पाहायचे प्रदर्शन आणि दोन कार्यशाळा : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

छत्रपती संभाजीनगर. विद्यापीठाच्या सभागृहात २७ व २८ फेब्रुवारी आणि १ मार्च असे तीन दिवस प्रदर्शन. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रमण परिणाम जाहीर झाला, त्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, म्हणून मधला दिवस तो धरला आहे. दहावीची परीक्षा याच सुमारास असल्याने निमंत्रण आठवी-नववीला. पैठण, गंगापूर, फुलंब्री, खुलताबाद तालुक्यांतल्या जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळा.

नियम एकच ठरला : एकाही मांडणीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी लागणार नाही. हात लावल्यावर मोडणारी वस्तू मांडायची नाही, किंवा मोडणार नाही अशी करून मांडायची. काचेआडची यंत्रे मुले दोन मिनिटांत पाहून पुढे जातात. व्हॉल्व्ह फिरवायला मिळाला की पंधरा मिनिटे हलत नाहीत.

मांडण्या तीन : नहरीची (शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या भूमिगत वाहिनीची) पाण्याची वाट, देवनागरी दिव्यांची पाटी, रेषेवरून चालणारी गाडी. कार्यशाळा दोन : संपलेल्या सेलवर पेटणारा दिवा (प्रत्येक मुलाचा स्वतःचा, घरी न्यायचा) आणि मातीतला ओलावा मोजायचे यंत्र (तिघांत एक, शाळेत राहील).

११ जानेवारी

वीज तपासली. एकूण भार : २० सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे म्हणजे ५०० वॉट, १६ लॅपटॉप धरून साधारण १००० वॉट, पंखे, एसएमपीएस (कमी व्होल्टचा डीसी पुरवठा देणारा डबा) आणि पंप मिळून ६००. सुमारे २.१ किलोवॉट, २३० व्होल्टला नऊ-सव्वानऊ अँपिअर. १६ अँपिअरच्या एका एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) हे बसते, पण तरीही दोन सर्किटांत वाटले. सोल्डरिंगच्या टेबलावर काही शॉर्ट झाले तर समोरची सगळी मांडणी अंधारात जायला नको. दोन्हींवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच).

प्रत्येक सॉकेटला मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत हवे. पश्चिमेच्या भिंतीवरच्या चार सॉकेटांत न्यूट्रल-अर्थ ४० च्या वर आले. तिथे अर्थिंग नुसते नावाला आहे. अशा सॉकेटवर लॅपटॉप चार्जिंगला लावून यूएसबीने बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी) जोडला की बोर्डाच्या उघड्या धातूला हात लावताच झिणझिण्या येतात. चार्जरच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून गळणाऱ्या करंटला जमिनीकडे जायची वाट उरत नाही. मुलांना एवढ्या करंटने इजा होत नाही, पण एकदा झिणझिणी आलेला मुलगा पुन्हा बोर्डाला हात लावत नाही. आपल्याला तेच नको आहे.

अर्थिंगचा खड्डा उघडला तर माती पट्टीपासून दोन बोटे सुटलेली. काळी माती वाळली की आकसते. कोळसा-मीठ नव्याने भरून चार बादल्या पाणी घातले. त्या चार सॉकेटांवर आता १.६ व्होल्ट. खड्ड्यात १ मार्चपर्यंत एक दिवसाआड दोन बादल्या पाणी, वेळापत्रक वॉचमनच्या खोलीत लावले.

१७ जानेवारी

ओलाव्याचे यंत्र. सेन्सर कपॅसिटिव्ह (मातीत करंट न सोडता तिची विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजणारा) घेतला. दोन दातांचा रेझिस्टिव्ह स्वस्त असतो, पण त्यातून डीसी करंट मातीत जातो आणि इलेक्ट्रोलिसिसने एका दातावरचे तांबे काही दिवसांत खाल्ले जाते. शाळेत वर्षभर टिकायचे असेल तर तो नको.

कपॅसिटिव्हचे ४५ नग आले. माल तपासूनच घ्यावा लागतो. या बोर्डावर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असतो आणि ५५५ टायमर (ठरावीक वेगाने स्पंदने देणारी चिप, म्हणजे आयसी) त्यावर चालतो. त्यासाठी टीएलसी ५५५ हवा. काही बॅचमध्ये एनई ५५५ बसवलेला येतो, त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, त्यामुळे तो ३.३ वर नीट चालत नाही. भिंगाखाली आयसीवरचा नंबर वाचून ६ नग बाजूला काढले. आणखी ३ नगांत १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नव्हता. असा सेन्सर आकडा देतो, पण पाण्यातून बाहेर काढल्यावर तो आकडा पूर्वपदावर यायला मिनिटभर लागतो. रेझिस्टरच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत बारीक तार टाकून तिन्ही चालू केले.

बोर्डाच्या कापलेल्या कडा उघड्या असतात आणि तिथून फायबरमध्ये पाणी मुरते. सगळ्या कडांना नेलपॉलिशचे दोन हात, मध्ये अर्धा तास. वरच्या भागातल्या आयसी-रेझिस्टरवर हीट श्रिंक ट्यूब.

२१ जानेवारी

मापन आपल्याच मातीत केले. बाजारातल्या यंत्रांबरोबर येणारे आकडे बहुधा वाळूतले किंवा कुंडीतल्या मातीतले असतात. काळ्या भारी मातीत ते चालत नाहीत. चिकणमाती जास्त असल्याने तिच्यात पाणी धरून राहते, पण त्यातले बरेचसे पिकाला मिळत नाही.

रीत : पैठण रस्त्याकडच्या शेतातली १५ सेंमी खोलीची माती. ढेकळे फोडून २ मिमीच्या चाळणीतून काढली, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास. मग ५०० ग्रॅमच्या डब्यांत वजनाने ठरावीक पाणी. मिसळून झाकण लावून रात्रभर ठेवायचे, कारण चिकणमातीत पाणी एकसारखे पसरायला वेळ लागतो. लगेच मोजले तर एकाच डब्यात दोन ठिकाणी ६० चा फरक येतो.

आर्डुइनो नॅनो या बोर्डावर ५ व्होल्टच्या संदर्भाने (५ व्होल्ट हे पूर्ण माप धरून) आलेले आकडे : हवेत ६२०, कोरडी माती ५९०, १० टक्के पाणी ५३०, २० टक्के ४५५, ३० टक्के ३८५, ४० टक्के ३४५, नुसते पाणी ३००. आकडा कमी होतो तशी ओल वाढते, हे मुलांना आधी सांगायला हवे. ४० टक्क्यांच्या पुढे फरक इतका थोडा पडतो की त्यावर विसंबू नये.

दिवे तीन. ४५० च्या वर लाल : पाणी द्या. ३६० ते ४५० हिरवा : वाफसा. ३६० च्या खाली निळा : पाणी जास्त झाले. प्रोग्रॅममध्ये अकरा वाचने घेऊन मधले धरले आहे, सरासरी नाही. सरासरीत एकच चुकीचे वाचन आकडा ओढून नेते.

२५ जानेवारी

उघड्या डब्यांतली माती चार दिवस उन्हात ठेवली. एका डब्यात सेन्सर ५१० दाखवत होता, लाल दिवा. डब्याचे वजन मात्र २६ टक्के पाणी सांगत होते. भेग नेमकी सेन्सरच्या पात्याला धरून पडली होती. पाते आणि माती यांत नखभर हवा होती आणि सेन्सर ती हवाच मोजत होता. काळ्या मातीत हे प्रत्येक शेतात होणार.

उपाय : त्याच मातीचा दह्याइतका सैल चिखल करून पात्याच्या दोन्ही बाजूंना फासायचा, आधी सपाट लाकडी पट्टीने खाच करायची, मग सेन्सर घालून बाजूची माती अंगठ्याने दाबायची. सेन्सर उभा ठेवण्याऐवजी साधारण ४५ अंश तिरपा, म्हणजे उभ्या भेगेची वाट त्याच्या सपाट अंगाशी जुळत नाही. आठवड्यातून एकदा काढून पुन्हा बसवायचा. शाळांना द्यायच्या कागदावर हे पहिल्या ओळीत लिहिले आहे, प्रोग्रॅमच्याही आधी.

३१ जानेवारी

नहर. मलिक अंबरने १७व्या शतकाच्या सुरुवातीला खडकीसाठी (या शहराचे तेव्हाचे नाव) बांधलेली नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीपर्यंत डोंगरातले पाणी आणणारी नहर, दोन्हींत मातीचे नळ जमिनीखालून जातात आणि वाटेत उंच बांधीव खांब लागतात. शहरातल्या मुलांनी पाणचक्की पाहिलेली असते. खांब कशासाठी, हे बहुतेकांनी विचारलेले नसते. मांडणीने तेवढे एकच दाखवायचे.

साहित्य : २५ मिमीचा पारदर्शक पाइप ६ मीटर, १२ मिमीचा गवंड्यांचा लेव्हल पाइप २ मीटर, २० लिटरच्या दोन टाक्या, २५ मिमीचा टी एक, बॉल व्हॉल्व्ह दोन, क्लिपा, टेफ्लॉन टेप. मागे १८ मिमी प्लायवूडचा फळा, त्यावर डोंगर-दरीचा कट.

पंप कूलरचा नको. तो २३० व्होल्टवर चालतो आणि मुले कोपरापर्यंत हात टाकीत घालणार आहेत. १२ व्होल्टचा डीसी पंप घेतला, छापील क्षमता ताशी २४० लिटर आणि ३ मीटर उंची. १.२ मीटर उंचीवर भरला तर मिनिटाला सव्वादोन लिटर मिळते, तेवढे पुरते. पंपाचे काम फक्त खालच्या टाकीतले पाणी वर परत नेण्याचे, नहरीत पाणी उताराने जाते.

उंच्या : वरच्या टाकीतली पातळी १२० सेंमी, तिथून पाइप दरीत १० सेंमीवर उतरतो, टेकडीवर ८० वर चढतो, पुन्हा १० वर, शेवटी १०० सेंमीवर सुटतो. म्हणजे हाताशी फक्त २० सेंमीचा दाब.

टेकडीवरच्या खांबाचा (टीला जोडलेल्या उभ्या पाइपाचा) व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी सोडले की टेकडीमागच्या उतरत्या भागात हवा अडकते. त्या हवेची उभी लांबी २० सेंमी झाली की सगळा दाब तिथेच संपतो आणि तोंडाशी थेंब येत नाही. वरची टाकी भरलेली, पाइप कुठेही तुंबलेला नाही, तरी पाणी थांबलेले. मुलांना हे पाइपातून दिसले पाहिजे, म्हणून उतरत्या भागामागे पांढरा सनमायका आणि सेंमीच्या खुणा. व्हॉल्व्ह उघडला की हवा खांबातून फुसकन निघते आणि चार-पाच सेकंदांत धार सुरू होते.

पाइप २५ मिमीचाच का : १२ मिमीत पाण्याचा वेग चौपटीहून जास्त होतो आणि ते हवेचे बुडबुडे स्वतःच ओढून नेते. मग खांबाची गरजच दिसत नाही.

५ फेब्रुवारी

खांबाची उंची. टेकडीवर चालू पाण्याची पातळी खांबात ११० च्या आसपास राहते, म्हणून खांब ११५ चा पुरेल असे कागदावर दिसते. पण मुलगा तळहाताने पाणी सुटते ते पाइपाचे तोंड बंद करणारच. तोंड बंद झाले की प्रवाह थांबतो, खांबातली पातळी वरच्या टाकीइतकी, १२० पर्यंत चढते आणि ११५ च्या खांबातून पाणी खाली. खांब १४० चा केला. आता तोंड दाबले की खांबातले पाणी डोळ्यांदेखत चढते आणि बरोबर टाकीच्या पातळीला थांबते. हा प्रयोग मूळ आराखड्यात नव्हता, पाटीवर जोडला : ‘तोंड बंद करा, खांबाकडे बघा.’

पाण्यात खाण्याचा निळा रंग, चिमूटभर. जास्त घातला तर बुडबुडे दिसत नाहीत. बोअरचे पाणी वापरू नये, क्षाराने पाइप आतून धुरकट होतो.

१० फेब्रुवारी

देवनागरी पाटी. बाजारातले ८ बाय ८ चे मॅट्रिक्स इंग्रजी अक्षरांपुरते ठीक. वेलांटी, शिरोरेषा, उकार हे सगळे आठ ओळींत बसत नाही. पी-१० पॅनल घेतली, ३२ बाय १६ ठिपक्यांची, एकाशेजारी एक दोन. पाच व्होल्टचा १० अँपिअर एसएमपीएस, तार दीड चौरस मिमी. बारीक तारेत व्होल्टेज पडते आणि दूरच्या पॅनलवरचे ठिपके फिके व लुकलुकते दिसतात.

अक्षरे एकेक पाठवून भागत नाही. ‘कि’ची वेलांटी टाइप नंतर होते आणि दिसते आधी, जोडाक्षरे तर मिसळून वेगळाच आकार घेतात. मायक्रोकंट्रोलरला (पाटी चालवणाऱ्या चिपला) ही जुळणी येत नाही. म्हणून पाटीवर दाखवायचे अख्खे नाव चित्र म्हणून पाठवायचे. स्प्रेडशीटमध्ये ३२ बाय १६ चौकटी, १ टाइप केले की चौकट काळी होते, बाजूला प्रत्येक आठ चौकटींची संख्या सूत्राने निघते. एका नावाला ६४ संख्या, त्या एकदम कॉपी होतात.

जागावाटप : वरच्या ३ ओळी वेलांटी-मात्रा-रफारांना, चौथी शिरोरेषा, पुढच्या ८ अक्षराला, खालच्या ४ उकारांना. ‘श्र’ला किमान ८ स्तंभ लागतात, ७ मध्ये तो ‘भ्र’सारखा दिसतो. आधी आलेख-कागदावर पेन्सिलने काढायचे, मगच लॅपटॉप. कागद वगळला की मुले पहिले अक्षर मोठे काढतात आणि तिसऱ्याला जागा उरत नाही.

१४ फेब्रुवारी

दिव्याचे किट, १३० संच (मुले १२०). एका संचात : फेराइट रिंग १३ मिमी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहम रेझिस्टर, ५ मिमी पांढरा एलईडी, एका सेलचा होल्डर, ८ बाय ६ सेंमी प्लायचा तुकडा, पितळी मुलामा असलेल्या ५ ड्रॉइंग पिना, लाल आणि हिरवी टेलिफोन तार प्रत्येकी ४० सेंमी. तार एकूण प्रत्येक रंगाची ५२ मीटर, ६० आणली.

छापील सर्किट बोर्ड मुद्दाम घेतला नाही. पिनांवर जोड मोठे होतात, कुठून कुठे काय गेले ते दिसते आणि चुकलेले सुटे करणे सोपे. एनॅमल तारही नको. तिचा थर खरवडणे राहून जाते आणि बाहेरून ते कळत नाही.

रीत : दोन्ही तारा जोडीने रिंगमधून १० वेढे. लाल तारेची सुरुवात आणि हिरवीचा शेवट एकत्र, तो सेलच्या अधिकला. लालचा शेवट कलेक्टरला. हिरवीची सुरुवात रेझिस्टरमधून बेसला. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला, आखूड एमिटरला, एमिटर उणेला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली : डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, सेल दीडचा. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि बंद होताना रिंगमधली ऊर्जा उसळून एलईडी पेटवते. भिंतीवरचे घड्याळ बंद पडलेला १.१ व्होल्टचा सेलही दिवा चांगला पेटवतो. मुलांनी घरून असे सेल आणायचे. गळलेला, पांढरी पूड आलेला सेल घ्यायचा नाही.

२० फेब्रुवारी

स्वयंसेवक विद्यार्थ्यांकडून सराव. दिवा न पेटण्याची कारणे, जास्त आढळली त्या क्रमाने : वेढ्यांची दिशा उलटी (दोन्ही तारांच्या सुरुवाती एकत्र जोडल्या), ड्राय सोल्डर (वरून लागलेला दिसणारा पण न चिकटलेला जोड), एलईडी उलटा, ट्रान्झिस्टर उलटा. पहिल्या कारणावर उपाय दहा सेकंदांचा, हिरव्याची दोन टोके अदलाबदल करायची. म्हणून प्रश्न येताच आधी तेच पाहायचे.

ड्रॉइंग पिन बरीच उष्णता खाते. २५ वॉटच्या आयर्नने पिनेला चार-पाच सेकंद लागतात, तेवढ्यात मुले कंटाळून सोल्डर टोकावर वितळवून पिनेवर थापतात. तो जोड मळकट, गोळीसारखा, आणि ओढला की सुटतो. क्रम असा : पिन पॉलिश पेपरने घासा, पिनेवर आधी नुसते सोल्डर चढवा, मग तार ठेवून दोन्ही एकत्र तापवा, सोल्डर पिनेला लावा, आयर्नला नाही. आधी सोल्डर काढा, मग आयर्न. जोड थिजेपर्यंत हात हलवू नका. ट्रान्झिस्टर सर्वांत शेवटी, पाय नोज प्लायरने धरून.

सोल्डर ६०/४० चे, ०.८ मिमी. त्यात शिसे आहे. टेबलावर खाणे-पिणे बंद, बाहेर पडताना साबणाने हात, बेसिन दाराशीच. पंखा धूर ओढून घेईल असा खिडकीकडे तोंड करून. जोडावर वारा आला की तो नीट तापत नाही.

२३ फेब्रुवारी

संगणक. नॅनोच्या नकलांवर यूएसबी जोडणीसाठी सीएच ३४० चिप असते. विंडोजवर ड्रायव्हर टाकला. उबंटू २२.०४ वर पोर्ट दिसून लगेच नाहीसे होते, कारण ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय सेवा ही चिप स्वतःकडे ओढते. ज्या लॅपटॉपवर ब्रेल डिस्प्ले वापरात नाही तिथूनच ती काढली, वापरकर्त्याला डायलआउट गटात (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) घातले. अपलोड अडकले तर बोर्ड मेनूत जुन्या बूटलोडरचा (बोर्डात प्रोग्रॅम उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) पर्याय. तरीही नाही तर केबल बदला, चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. तपासलेल्या केबलांना हिरवी टेप.

२६ फेब्रुवारी

मांडणी लागली. रेषेवरची गाडी दुपारी तीननंतर भरकटू लागली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट ट्रॅकवर, त्यातल्या इन्फ्रारेडने सेन्सर आंधळे होतात. ट्रॅक उत्तरेच्या भिंतीला हलवला. रेष स्केचपेनने काढू नये, पुष्कळशा काळ्या शाया इन्फ्रारेड परतवतात आणि गाडीला रेष पांढरीच दिसते. वायरमनची काळी टेप चालते.

पाट्या मराठीत, एका पाटीवर तीन वाक्ये, पाटीची मधली उंची १३० सेंमी. पहिले वाक्य नेहमी काय करायचे ते.

२७ फेब्रुवारी

तुकड्या ३० च्या. प्रदर्शन ४० मिनिटे, दिव्याची कार्यशाळा ९० मिनिटे. दुपारच्या तुकडीत ओलाव्याचे यंत्र घेतले. नहरीपाशी गर्दी साचते, मागच्या मुलांना खांब दिसत नाही. उद्या टेबल भिंतीपासून दीड मीटर पुढे, दोन्ही बाजूंनी उभे राहता येईल असे.

फुलंब्रीकडच्या एका मुलीने विचारले, खांबाचे तोंड बंद केले तर? तिला व्हॉल्व्हऐवजी अंगठा लावू दिला. पाणी थांबले नाही, कारण हवा आधीच निघून गेली होती. टाकी रिकामी करून, अंगठा आधीपासून धरून तिने पुन्हा पाणी सोडले, तेव्हा थांबले. उद्यापासून ही दोन टप्प्यांची कृती पाटीवर.

२८ फेब्रुवारी

वीज सव्वाअकराला गेली, ३५ मिनिटे. सोल्डरिंगचा गट त्या वेळात वेढे घालण्याच्या कामाला लावला. किटचे पहिले २० मिनिटांचे काम विजेशिवायचे ठेवले होते, त्याचा उपयोग झाला. नहर वरच्या टाकीतल्या पाण्यावर आठेक मिनिटे चालली, पुढे मुलांनी मगाने पाणी वर भरले.

१ मार्च

किट वाटप पूर्ण, १२० पैकी ११७ दिवे जागेवर पेटले. उरलेल्या तिघांना मोजून पाहिलेले दुसरे ट्रान्झिस्टर दिले, तेही पेटले. झीज : बॉल व्हॉल्व्हची एक दांडी, पाटीच्या टेबलावरचा एक माऊस, गाडीचे दोन चाकटायर.

२० मार्च

शाळांत १२ ओलावा यंत्रे गेली. तक्रारी दोन प्रकारच्या. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी एका दिवसात संपते. नॅनो, सेन्सर आणि दिवा मिळून ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतात, त्या बॅटरीला ते झेपत नाही. पॉवर बँकेवर लावले तर ती मिनिटभरात स्वतःच बंद होते, एवढ्या थोड्या करंटला ती ‘फोन भरला’ असे समजते. मोबाइलचा ५ व्होल्ट चार्जर हाच पर्याय. शेताच्या बांधावर वीज नाही तिथे ३ सेलऐवजी ४ रिचार्जेबल सेल (प्रत्येकी १.२ व्होल्ट) ५ व्होल्टच्या पिनेला, आणि प्रोग्रॅममध्ये वाचन दर पंधरा मिनिटांनी, मधल्या वेळात दिवे बंद आणि नॅनो झोपेत. बोर्डावरचा पॉवरचा दिवा काढून टाकावा, झोपेत तोच करंट खातो. सेलचे व्होल्टेज उतरले की संदर्भही उतरतो आणि आकडे सरकतात, म्हणून सेलवरच्या यंत्रांसाठी लाल-हिरव्याच्या सीमा सेल जोडूनच पुन्हा काढायच्या. सुधारित प्रोग्रॅम आणि दीड पानाची कृती बाराही शाळांना पाठवली. दोन शाळांनी कापसाच्या सरीत लावायला आणखी सेन्सर मागितले आहेत, तपासलेले ८ नग शिल्लक आहेत, त्यांतले ४ पाठवायचे.